हॅन्सलोप पार्कमधलं दप्तर

१९६१ साली लंडनच्या वसाहत खात्याने आफ्रिकेतल्या आपल्या कचेऱ्यांना काही सूचना पाठवल्या. वसाहती स्वतंत्र होऊ घातल्या होत्या. नव्या सरकारांच्या हाती कोणते कागद जाऊ द्यायचे आणि कोणते नाहीत, याचे ते नियम होते. राणीच्या सरकारची नाचक्की करतील, पोलीस, लष्कर किंवा खबऱ्यांना गोत्यात आणतील, असे कागद एक तर इंग्लंडला रवाना करायचे, नाही तर नष्ट करायचे. नष्ट कसे करायचे तेही बारकाईने सांगितलेलं होतं. जाळलेल्या कागदाची पूर्ण राख झाली पाहिजे आणि ती राखही कुस्करून टाकली पाहिजे. जाळणं जमत नसेल तिथे कागद वजनदार पेट्यांत भरून किनाऱ्यापासून लांब, खोल आणि प्रवाह नसलेल्या पाण्यात बुडवायचे. केनियात या गुप्त फायलींना हात कुणी लावायचा यालाही अट होती: सरकारी नोकर ब्रिटिश प्रजाजन तर हवाच, शिवाय युरोपीय वंशाचा हवा. या साऱ्या खटाटोपाला 'ऑपरेशन लेगसी' या नावाने ओळखलं जातं.

जे जळलं ते कायमचं गेलं. पण डिसेंबर १९६३ मध्ये, केनियाच्या स्वातंत्र्याला काहीच दिवस उरले असताना, सुमारे १,५०० फायली पेट्यांत भरून विमानाने इंग्लंडला नेल्या गेल्या. बकिंगहॅमशायर परगण्यातल्या हॅन्सलोप पार्क या परराष्ट्र खात्याच्या बंदोबस्तातल्या आवारात त्या अखेर विसावल्या. केनियाने स्वातंत्र्यानंतर आपले कागद परत मागितले, एकदा नव्हे, अनेकदा. ब्रिटनने नकार दिला. पुढे हे दप्तर तिथे आहे हेसुद्धा जगाला ठाऊक राहिलं नाही. पण वसाहतकाळात केनियात छळ झालेल्या काही माणसांना त्यांच्या हयातीत दाद मिळाली, त्यात या दप्तराचा वाटा फार मोठा आहे.

मुळात भांडण जमिनीचं होतं. केनियाच्या मध्यातला थंड, उंच, सुपीक मुलूख 'व्हाइट हायलँड्स' म्हणून गोऱ्या मळेवाल्यांसाठी राखून ठेवलेला होता. आफ्रिकी माणसालाच काय, केनियात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या हिंदी माणसालाही त्या पट्ट्यात शेतजमीन घेता येत नसे. ज्यांची जमीन गेली त्या किकुयू समाजाच्या कुटुंबांना त्याच जमिनीवर मजूर म्हणून राबावं लागे. आफ्रिकी पुरुषाला 'किपांडे' हे ओळखपत्र जवळ बाळगणं सक्तीचं होतं. बहुतेक जण ते धातूच्या डबीत घालून गळ्यात अडकवत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनसाठी लढून परतलेल्या तरुणांना हे जिणं असह्य झालं. गुप्त शपथा घेतल्या जाऊ लागल्या आणि जंगलात सशस्त्र टोळ्या उभ्या राहिल्या. इंग्रजांनी त्यांना 'माऊ माऊ' म्हटलं. ते स्वतःला जमीन आणि स्वातंत्र्य यांची फौज म्हणवत.

२० ऑक्टोबर १९५२ रोजी गव्हर्नर एव्हलिन बेअरिंग याने आणीबाणी पुकारली. माऊ माऊंचे हातही स्वच्छ नव्हते. मार्च १९५३ मध्ये लारी इथे त्यांनी सरकारच्या बाजूच्या आफ्रिकी कुटुंबांच्या झोपड्या पेटवल्या, त्यात बायकामुलं होरपळून मेली. त्यानंतरच्या सूडात आणखी माणसं मारली गेली. मात्र जगभरच्या वर्तमानपत्रांत ज्यांच्या कहाण्या छापून आल्या, त्या गोऱ्या नागरिकांच्या मृत्यूंची संख्या होती ३२. दुसऱ्या बाजूला, आणीबाणीच्या काळात न्यायालयांनी फासावर चढवलेल्या माऊ माऊंची संख्या इतिहासकार डेव्हिड अँडरसन यांनी मोजली, ती १,०९० भरते. ब्रिटिश साम्राज्याने वसाहतींत इतक्या जणांना फाशीची सजा दुसरीकडे कुठेही दिली नाही, असं ते म्हणतात.

एप्रिल १९५४ मध्ये नैरोबीला वेढा घालून हजारो किकुयूंना उचललं गेलं. चौकशी, वर्गवारी, मग छावणी, तिथून पुढची छावणी, अशी एक साखळी उभी राहिली. अधिकारी तिला 'पाइपलाइन' म्हणत. कैद्याने शपथ घेतल्याची कबुली द्यायची, तर तो सुटकेच्या दिशेने एक पायरी सरके. नाही दिली, तर छळ ठरलेला. छावण्यांबाहेरही मोकळीक नव्हती. दहा लाखांहून अधिक लोकांना त्यांच्या विखुरलेल्या वाड्यांवरून उठवून काटेरी कुंपणाच्या सुमारे ८०० गावांत कोंबलं गेलं. त्यात मुख्यतः बायका, मुलं आणि म्हातारीकोतारी होती.

हे सगळं कायद्याच्या अंमलाबाहेर घडत नव्हतं, ही गोष्ट नीट ध्यानात घ्यायला हवी. युरोपीय मानवी हक्क करारावर ब्रिटनची सही होती आणि १९५३ मध्ये ब्रिटनने तो करार केनियालाही लागू केला होता. म्हणजे छळ करू नये हे तत्त्व सरकारला माहीत होतं आणि कागदोपत्री मान्यही होतं. म्हणूनच छळ चालू ठेवायचा तर त्यासाठी कायद्याची भाषा शोधावी लागली. वसाहतीचा अॅटर्नी जनरल एरिक ग्रिफिथ-जोन्स याने ती शोधून दिली. शिक्षा म्हणून केलेली मारहाण बेकायदा, पण हुकूम पाळायला लावण्यासाठी केलेला बळाचा वापर कायदेशीर, असा भेद त्याने मांडला. शरीराच्या कोणत्या नाजूक भागांवर मारू नये आणि मारणाऱ्याने डोकं कसं शांत ठेवावं, याचंही त्याचं टिपण आहे. जून १९५७ मध्ये गव्हर्नरला लिहिताना त्याने एक वाक्य लिहिलं, त्याचा आशय असा की पाप करायचंच असेल तर ते गुपचूप केलं पाहिजे. पुढे लंडनमधल्या भरपाईच्या खटल्यात सर्वाधिक गाजलेला कागद हाच.

पाप गुपचूप राहिलं नाही. याच अत्याचारांवरून पोलीस आयुक्त आर्थर यंग याने १९५४ अखेर राजीनामा दिला होता. मजूर पक्षाच्या खासदार बार्बरा कासल संसदेत प्रश्न विचारत होत्या. ३ मार्च १९५९ रोजी होला छावणीत कामाला नकार देणाऱ्या ८५ कैद्यांना बाहेर काढून पहारेकऱ्यांनी सोट्यांनी झोडपलं. ११ जण मेले. सरकारी निवेदनात म्हटलं होतं की हे लोक पाणी पिऊन मेले. शवचिकित्सेने ते खोटं पाडलं. २७ जुलैच्या रात्री ब्रिटिश संसदेत चर्चा झाली, तेव्हा सर्वांत धारदार भाषण विरोधी बाकांवरून नव्हे, तर सत्ताधारी हुजूर पक्षाच्या एनॉक पॉवेल यांनी केलं. आफ्रिकेत एक न्याय आणि इंग्लंडात दुसरा न्याय चालणार नाही, हा त्यांचा मुद्दा होता. वर्षभरात केनियाच्या स्वातंत्र्याची बोलणी सुरू झाली. होलाबद्दल मात्र कुणावरही फौजदारी खटला उभा राहिला नाही.

या इतिहासात आपल्याकडची काही माणसं उभी आहेत आणि मराठी वाचकाने त्यांना ओळखायला हवं. औंध संस्थानचे राजपुत्र अप्पासाहेब पंत हे सूर्यनमस्काराचा प्रसार करणाऱ्या भवानराव पंतप्रतिनिधींचे चिरंजीव. १९४८ मध्ये नेहरूंनी त्यांना भारताचे आयुक्त म्हणून नैरोबीला धाडलं. गांधीजींच्या मार्गदर्शनाखाली औंधच्या प्रजेला स्वराज्याची घटना देण्याच्या प्रयोगात भाग घेतलेला हा माणूस. केनियात गेल्यावर तो गोऱ्यांच्या क्लबापेक्षा स्वातंत्र्यवादी नेते जोमो केन्याटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांत अधिक रमला. आफ्रिकी विद्यार्थ्यांना भारतात शिकण्यासाठी शिष्यवृत्त्या मिळवून देण्यासाठी त्यांनी धडपड केली. आणीबाणीत ब्रिटिशांनी त्यांच्यावर बंडखोरांना सहानुभूती दाखवल्याचा ठपका ठेवला, दिल्लीकडे तक्रारी केल्या आणि १९५४ मध्ये त्यांना नैरोबी सोडावं लागलं.

माऊ माऊंचं नेतृत्व केल्याच्या आरोपाखाली केन्याटांवर चाललेला कापेनगुरियाचा खटला १९५२-५३ चा. बचावाच्या वकिलांत इंग्लंडचे डी. एन. प्रिट होते, दिल्लीहून आलेले दिवाण चमनलाल होते, नैरोबीचे ए. आर. कपिला होते आणि मुंबईत जन्मलेले गोव्याच्या कुटुंबातले तरुण फिट्झ डिसोझाही होते. शिक्षा जवळपास ठरलेलीच होती, सात वर्षं सक्तमजुरी. डिसोझा पुढे स्वतंत्र केनियाच्या संसदेचे उपसभापती झाले.

पियो गामा पिंटो यांच्या वाट्याला वेगळं आलं. तेही मूळचे गोव्याचे, जन्म नैरोबीचा, शिक्षण भारतातलं. गोवामुक्तीच्या चळवळीत काम करून ते १९४९ च्या सुमारास केनियाला परतले, माऊ माऊंना मदत करू लागले आणि १९५४ मध्ये पकडले गेले. हिंदी महासागरातल्या मांडा बेटावर त्यांनी काही वर्षं स्थानबद्धतेत काढली. सुटल्यावर आणि स्वातंत्र्यानंतरही ते एकच मागत राहिले: लढलेल्या भूमिहीनांना जमीन द्या. २४ फेब्रुवारी १९६५ रोजी नैरोबीत घराच्या फाटकाशी त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. वय ३७.

पिंटोंच्या मागणीचं काय झालं, हे समजलं की पुढचं अर्धशतक समजतं. गोऱ्यांची जमीन आफ्रिकी शेतकऱ्यांकडे गेली, पण ती विकत. ब्रिटन आणि जागतिक बँकेने पैसा पुरवला, मळेवाल्यांना बाजारभावाच्या आसपास किंमत मिळाली आणि ज्यांच्या आजोबांकडून जमीन हिसकावली होती, त्या शेतकऱ्यांच्या डोक्यावर कर्ज बसलं. भरपाई झाली, पण ज्याने घेतलं त्याची झाली. त्यातही छावण्यांतून आलेल्या माणसाकडे अनामत भरायला पैसा नव्हता, सरकारच्या बाजूने राहिलेल्याकडे होता. आता देशाचे प्रमुख झालेल्या केन्याटांनी क्षमा करा, विसरून जा, अशी भाषा लावली. माऊ माऊ संघटनेवरची वसाहतकालीन बंदी स्वतंत्र केनियानेही चार दशकं उठवली नाही. ती उठली २००३ मध्ये, म्वाई किबाकी यांचं सरकार आल्यावर. बंदी असलेल्या संघटनेचा माणूस म्हणून कोर्टाची पायरी कोण चढणार? साक्षीदार म्हातारे होत होते, मरत होते, आणि त्यांना एकत्र जमणंही बेकायदा होतं.

बंदी उठली आणि दोन वर्षांत दोन जाडजूड ग्रंथ आले. डेव्हिड अँडरसन यांनी फाशीच्या खटल्यांचे कागद तपासले. हार्वर्डच्या कॅरोलिन एल्किन्स यांनी छावण्यांतल्या माणसांच्या तोंडून कहाण्या गोळा केल्या. एल्किन्स यांच्या आकड्यांवर टीका झाली, कैद्यांची आणि मृतांची त्यांनी धरलेली संख्या फार मोठी आहे असं अनेक अभ्यासकांचं म्हणणं पडलं. तोंडी साक्षींवर त्यांनी नको इतका भर दिला असाही आक्षेप आला. या आक्षेपाकडे वळून पाहिलं की अंगावर काटा येतो, कारण कागद तर सरकारनेच जाळलेले किंवा लपवलेले होते.

जून २००९ मध्ये केनियाचा मानवी हक्क आयोग, माऊ माऊ सैनिकांची संघटना आणि लंडनची 'ली डे' ही वकिलांची पेढी यांनी मिळून पाच वृद्धांच्या वतीने लंडनच्या उच्च न्यायालयात दावा लावला. त्यांच्यापैकी काहींना खच्ची केलं गेलं होतं, काहींवर लैंगिक अत्याचार झाले होते, एक जण होलाच्या मारहाणीत मेला असं समजून प्रेतांत टाकून दिला गेला होता. एका वादीचा खटला चालू असतानाच मृत्यू झाला. ब्रिटिश सरकारने छळ झाल्याचं नाकारलं नाही. त्याचा बचाव वेगळा होता. वसाहतीचं सरकार म्हणजे ब्रिटनचं सरकार नव्हे, आणि १२ डिसेंबर १९६३ ला त्याच्या सगळ्या जबाबदाऱ्या केनियाच्या सरकारकडे गेल्या, म्हणून भरपाई मागायची तर नैरोबीकडे मागा. ज्यांच्यावर गुलामी लादली त्यांनीच त्या गुलामीच्या छळाचं बिल भरावं, असा हा युक्तिवाद. एका मोठ्या लोकशाही सरकारने तो न्यायालयात मांडला, हे विसरण्यासारखं नाही.

इथे अँडरसन पुढे आले. १९६३ मध्ये नैरोबीहून काही पेट्या निघाल्या, त्या कुठे आहेत, असा प्रश्न त्यांनी आपल्या साक्षीत उभा केला. न्यायालयाच्या रेट्यापुढे परराष्ट्र खात्याला शोधाशोध करावी लागली आणि २०११ च्या सुरुवातीला कबूल करावं लागलं: हॅन्सलोप पार्कमध्ये ३७ माजी वसाहतींच्या सुमारे ८,८०० फायली आहेत. त्यांत केनियाच्या १,५०० होत्या. छावण्यांत काय चाललंय हे गव्हर्नरला ठाऊक होतं, लंडनच्या मंत्र्यालाही ठाऊक होतं, हे त्या कागदांत त्यांच्याच सहीने होतं.

२१ जुलै २०११ रोजी न्यायमूर्ती मॅककोम्ब यांनी खटला चालू शकतो असा निकाल दिला. आता सरकारने मुदतीचा कायदा पुढे केला. शारीरिक इजेच्या दाव्याला इंग्लंडात तीन वर्षांची मुदत असते, इथे पन्नास उलटली होती. पण न्याय्य सुनावणी शक्य असेल तर मुदत शिथिल करण्याचा अधिकार १९८० च्या कायद्याने न्यायाधीशाला दिला आहे. ५ ऑक्टोबर २०१२ रोजी मॅककोम्ब यांनी तो तीन वादींसाठी वापरला. एवढा भरघोस लेखी पुरावा हाताशी असताना सुनावणी न्याय्य होऊ शकते, असं त्यांनी ठरवलं. सरकारने जे दडवलं, त्याच्याच बळावर वादींचा दावा तगला. पुढच्याच वर्षी, ६ जून २०१३ रोजी, परराष्ट्रमंत्री विल्यम हेग यांनी संसदेत तडजोड जाहीर केली. वसाहती प्रशासनाच्या हातून केनियातल्या माणसांचा छळ झाला हे ब्रिटन मान्य करतं आणि त्याबद्दल मनापासून खेद व्यक्त करतं, असं ते म्हणाले. ५,२२८ जणांना वकिलांच्या खर्चासह १ कोटी ९९ लाख पौंड मिळणार होते. नैरोबीत स्मारक उभारायला मदत होणार होती. त्याच दमात हेग यांनी हेही सांगितलं की वसाहती प्रशासनाच्या कृत्यांची कायदेशीर जबाबदारी ब्रिटन स्वीकारत नाही.

खर्च वजा जाता दर माणशी तीन हजार पौंडही पडले नाहीत. ज्या माणसाची पुरुषेंद्रियं पकडीने चिरडली गेली, ज्याला मूलबाळ झालं नाही, त्याच्या आयुष्याची ही किंमत म्हणायची तर जीभ अडखळते. पण नैरोबीत हेग यांचं निवेदन वाचून दाखवलं गेलं तेव्हा म्हातारी माणसं नाचली, गायली, हेही खरं आहे. साठ वर्षं त्यांना दहशतवादी म्हटलं गेलं होतं. त्या दिवशी ब्रिटनच्या उच्चायुक्ताने त्यांच्यासमोर उभं राहून, तुमचा छळ झाला हे मान्य केलं. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १६ डिसेंबर २००५ रोजी मानवी हक्कभंगाच्या बळींसाठी जी तत्त्वं मान्य केली, त्यांत पैशांची भरपाई हा एकच भाग आहे. हिरावलेलं परत करणं, बळींचं वैद्यकीय आणि सामाजिक पुनर्वसन, सत्याची जाहीर कबुली, स्मारक, आणि पुन्हा असं होऊ नये याची हमी, हेही त्यात येतं. केनियाच्या पदरात कबुली आणि स्मारक पडलं. १२ सप्टेंबर २०१५ रोजी उहुरू पार्कमध्ये त्या स्मारकाचं अनावरण झालं. जमिनीचा विषय निघालाच नाही.

तडजोडीचा खरा तोटा नंतर दिसला. निकालापर्यंत न जाता सरकारने पैसे मोजले, त्यामुळे वसाहतीतल्या छळाला लंडन कायद्याने जबाबदार आहे, असं कुठल्याही न्यायालयाने अंतिमतः म्हटलं नाही. त्याच सुमारास हॉलंडमध्ये वेगळं घडलं. जावामधल्या रावागेदे गावात १९४७ साली डच सैनिकांनी केलेल्या कत्तलीबद्दल हेग शहरातल्या न्यायालयाने सप्टेंबर २०११ मध्ये डच सरकारला जबाबदार धरलं आणि मुदतीचा बचाव फेटाळला. डच राजदूताने गावात जाऊन माफी मागितली. तिथे पुढच्या वादींना बोट ठेवायला निकाल होता. केनियाच्या वादींकडे फक्त तडजोड होती.

मग ४० हजारांहून अधिक केनियन माणसांनी दुसरा दावा लावला. त्यांत छळ, जबरी मजुरी आणि सक्तीचं स्थलांतर, सगळंच होतं. खटला वर्षानुवर्षं चालला आणि २०१८ मध्ये न्यायमूर्ती स्टुअर्ट यांनी तो फेटाळला. इतक्या काळानंतर साक्षीदार मेलेले आहेत, आठवणी पुसट झाल्या आहेत, न्याय्य सुनावणी शक्य नाही, असं त्यांचं म्हणणं. कायदा तोच, कलम तेच. हा निकाल कायद्याच्या चौकटीत समजू शकतो, पण मान्य होत नाही. जवळजवळ पन्नास वर्षं फायली ज्याने कुलुपात ठेवल्या, विलंबाचा फायदाही त्यालाच मिळाला. जो पक्ष पुरावा दडवतो त्याला मुदतीचा बचाव घेऊ देऊ नये, इतकी साधी तरतूद कायद्यात असती, तर त्या ४० हजार जणांचा दावा निदान मुदतीपाशी तरी अडला नसता. आपल्या देशातही जुन्या अन्यायांचे दावे कचेरीतल्या गहाळ फायलींपाशी अडतात. ज्यांना अशा लढ्यांत पडायचं आहे त्यांनी वकील गाठण्याआधी कागद गाठावेत, आणि म्हाताऱ्यांच्या साक्षी ते हयात असतानाच लिहून घ्याव्यात.

जमिनीचा प्रश्नही तसाच राहिला. केनियातल्याच केरिचोच्या चहामळ्यांसाठी हाकलल्या गेलेल्या किप्सिगिस आणि तलाई समाजांनी ऑगस्ट २०२२ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयात ब्रिटनविरुद्ध अर्ज केला. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस राजे चार्ल्स नैरोबीत आले, वसाहतकाळातल्या अत्याचारांबद्दल त्यांनी तीव्र दुःख आणि खेद व्यक्त केला. माफी मागितली नाही. जमीन आजही मळ्यांच्याच ताब्यात आहे.